गोलाला ईशान्य नसते

“गोलाला ईशान्य नसते,” देवलेकर म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून आमच्या नव्या शेडच्या मधोमध उभे राहिले.

एवढं मोठं सत्य ऐकल्यावर आण्णांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि आमच्या ह्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू ईशान्य ह्यांनीच कुठंतरी लपवून ठेवलीय. समोर भाताचं तूस अंथरलेलं होतं. त्याच्याभोवती आम्ही दोघांनी सकाळभर खपून पत्र्याच्या पट्ट्यांचं गोल कडं उभं केलं होतं. कोंबडीची एका दिवसाची पिल्लं येतात, ती पहिले काही दिवस अशा कड्यात, दिव्यांच्या उबेला ठेवायची असतात. हे आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षणात शिकवलं होतं. देवलेकरांना कुणीच काही शिकवलेलं नव्हतं. त्यांचं विट्यात टाइल्सचं दुकान होतं, ते बुडाल्यावर ते वास्तुतज्ज्ञ झाले. इतकी वर्षं टाइल्स विकून त्यांना सगळं जग चौकोनी दिसत असावं.

“मग आता काय करायचं साहेब?” आण्णांनी विचारलं.

“चौकोन करा. चार कोपरे, चार दिशा. ईशान्य कोपऱ्यात नारळ ठेवू. पिल्लं नुसती वाढणार नाहीत, धावतील.”

मी दाराबाहेर पदर सावरून उभी होते. आण्णा म्हणजे माझे थोरले दीर, आकाराम आण्णा. पाच वर्षं सरपंच होते आणि त्यानंतर आजतागायत माजी सरपंच आहेत. आणि माजी असण्याचा तोरा जास्त आहे. आमच्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, अशी रीत. काही सांगायचंच असलं तर नवऱ्याला सांगायचं, आणि नवऱ्यानं ते पुढं पोचवायचं. दीर दोन हातांवर उभा असला तरी असंच.

“त्यांना सांगा,” मी ह्यांना म्हणाले, “कोपरा ठेवू नका. पिल्लं भ्याली की कोपऱ्यात शिरत्यात. एकावर एक चढत्यात आन् खालची गुदमरून मरत्यात. म्हणून गोल लागतं.”

आण्णांनी हे सगळं स्वच्छ ऐकलं. पण रीतीप्रमाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. ते ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

“आण्णा,” हे म्हणाले, “ही म्हंतीया, गोल आसतं तर बरं हुतं. आसं कायतरी.”

आसं कायतरी. माझ्या बोलण्याचं ह्यांच्या तोंडातून जाता जाता नेहमी असंच पाणी व्हायचं. आत घट्ट ताक ओतावं आणि तोटीतून नुसती निवळी यावी.

“पिल्लास्नी भ्या कशाचं?” आण्णा हसले. “आपुन हाय की हितं. जाल्या, उद्या सुताराला बोलीव. प्लायवूडचा चौकोन कर म्हणावं, देवाच्या चौरंगावानी.”

“व्हय आण्णा,” हे म्हणाले आणि पत्र्याचे खिळे उपसायला वाकले. वाकताना त्यांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबली नाही. देवलेकर दोन पावलं मागं सरकले, न जाणो खोकल्याला दिशा असायची.

त्या खोकल्यासाठी तर हा सगळा खटाटोप होता. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईला जातात. सोन्याचांदीचा भुगा आटवून शुद्ध करायचा, त्यासाठी तेजाबाच्या वाफेत उभं राहायचं. माझे मालक मिसरूड फुटायच्या आत सेलमला गेले आणि दुसऱ्याचं सोनं गाळता गाळता स्वतःची छाती गाळून बसले. मिरजेच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, परत त्या धुरात गेलात तर मला दाखवायला येऊ नका, काही दाखवण्यासारखं उरणार नाही. म्हणून मी हट्टानं दोघांचं नाव प्रशिक्षणाला घातलं. म्हणून माळावर शेड उभी राहिली. पण सेलमच्या शेठनं दिवाळीपर्यंत ह्यांची जागा धरून ठेवली होती, आणि ह्यांची रेक्झिनची बॅग कॉटखाली भरलेलीच होती. मी तीनदा रिकामी केली, ह्यांनी तीनदा भरली. आण्णांनी सांगितलं होतं ना, “न्हाई जमलं तर सेलम हायच.”

पहिली पिल्लं जगली तर हे घरी राहणार होते. नाही जगली तर बॅग तयार होती.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त तिटकारा आण्णांचा नव्हता, ह्यांचाच होता. आण्णा फुगलेले होते, आणि फुगलेल्या माणसाकडून काय अपेक्षा करायची? पण मरायला निघालेला माणूस “व्हय आण्णा” म्हणत खिळे उपसतो, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, हा धंदा बुडाला तर ह्यांना अडवायचं नाही. जाऊ दे सेलमला. ज्याला स्वतःची छाती राखता येत नाही त्याच्यासाठी मी किती दिवस पदर खोचून उभी राहू?

उद्घाटनाचा दिवस उजाडला. टेम्पो सकाळीच आला. भोकाभोकांच्या खोक्यांतून नुसता चिवचिवाट. पिल्लं रात्रभर प्रवास करून आली होती, त्यांना आल्याबरोबर गुळाचं पाणी पाजायचं असतं. पण मुहूर्त दुपारचा होता. त्याआधी सत्यनारायण. ज्या जागेत उद्या कोंबड्या वाढवून कापायला धाडायच्या, त्या जागेत आज कांदा-लसूण वर्ज्य. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

“त्यांना सांगा, पिल्लं तहानल्यात,” मी म्हणाले.

“आण्णा, पिल्लास्नी जरा...”

“मुहूर्त,” आण्णा म्हणाले.

“व्हय आण्णा.”

मी मग कुणालाच काही सांगितलं नाही. खोकी शेडच्या मागं ओढून घेतली आणि एकेका पिल्लाची चोच वाटीत बुडवत बसले. जाऊबाई शिऱ्याचं पातेलं उतरवून मला शोधत मागं आल्या. हौसाक्का नाव त्यांचं. स्वभावानं वाईट नव्हत्या, फक्त आण्णांबरोबर राहून राहून त्यांना आण्णांसारखं दिसायला लागलं होतं.

“शालन, आगं पाव्हणं आल्यात आन् तू हितं काय करतीस? फलक बघिटलास का न्हाई?”

फलक मी बघितला होता. शेडच्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला. आकाराम आण्णा पोल्ट्री फार्म. डावीकडं आण्णा हात जोडून, उजवीकडं आण्णा गॉगल घालून, मध्ये आण्णा फेटा बांधून. खाली शुभेच्छुकांची रांग होती, तिच्यात शेवटून दुसरा माझा नवरा. स्वतःच्या धंद्याला शुभेच्छा देणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

“भावजींचा फोटू जरा बारीक आलाय,” हौसाक्का म्हणाल्या.

“मापात आलाय,” मी म्हणाले. त्या शिऱ्याच्या पातेल्याकडं परत गेल्या.

दारात मी चुन्याचा पट्टा ओढला होता आणि घमेल्यात पोटॅशचं जांभळं पाणी भरून ठेवलं होतं. बाहेरच्या माणसानं शेडमध्ये यायचंच नाही, आलाच तर चपला काढून, पाय त्या पाण्यात बुडवून यायचं. नाही तर गावभरचे रोग पायांना चिकटून आत येतात. हेही प्रशिक्षणातलंच. पाहुण्यांनी चपला काढल्या, पण त्या सत्यनारायणासाठी. आरती झाली, देव उठले, तशा सगळ्यांनी परत चपला घातल्या आणि पिल्लं बघायला आत घुसले. देवलेकरांनी प्रसाद खाल्लेले हात घमेल्यात धुतले. जांभळी झालेली बोटं बघून ते जरा चमकले, मग रुमालाला पुसून म्हणाले, “औषधी आहे वाटतं.”

मुहूर्त लागला. आण्णांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि फोटोसाठी छातीशी धरलं. पिल्लू त्यांच्या घड्याळावर घाण करून मोकळं झालं. त्या दिवसाच्या सगळ्या भाषणांत मला तेवढंच पटलं.

मग आम्ही दोघांनी खोकी रिकामी केली. प्लायवूडच्या चौकोनात, दिव्यांखाली, पिवळी पिवळी पिल्लं पसरली. क्षणभर घोटाळली, मग एकानं चोच मारली, दुसऱ्यानं बघून मारली आणि सगळीकडं टिकटिक सुरू झाली. ती कुठं घोळका करून बसली नाहीत, कडेला पळाली नाहीत. ऊब नेमकी बसली होती. हे गुडघ्यांवर बसून बघत होते. त्यांच्या तोंडावर मी लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटल्याचं पाहिलं. मलाही बरं वाटलं. वाटलं, चौकोन तर चौकोन. निभावलं बहुतेक.

तेवढ्यात बाहेर फटाक्यांची माळ लागली.

माळ शेडला खेटून होती, देवलेकरांच्या सांगण्यावरून नैर्ऋत्येला. कारण म्हणे दुष्ट शक्ती तिकडून येतात. तिच्या जोडीला हलगी कडाडली. शेडच्या पत्र्यांतून तो आवाज दुप्पट होऊन आत आला. पिल्लांनी एकदम उचल खाल्ली आणि आवाजाच्या उलट्या बाजूला धाव घेतली, ती थेट ईशान्य कोपऱ्यात. वास्तुशास्त्र तेवढ्यापुरतं अगदी खरं ठरलं.

आधी कोपरा भरला. मग भरलेल्या कोपऱ्यावर दुसरी चढली, त्यांच्यावर तिसरी. पूजेचा नारळ कुठंतरी खाली गेला. माझ्या गुडघ्याशी येणारं प्लायवूड ओलांडून मी आत उतरले होते, पण तूस पायाखाली सरकत होतं. पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, पिल्लं नाचताहेत.

“हात घाला,” मी ह्यांच्यावर ओरडले. “खालनं काढा. वरची सोडा, खालची काढा.”

ह्यांनी कोपरापर्यंत हात घातले. मी ओंजळी भरभरून पिल्लं मधे टाकत होते, आणि ती परत तिथंच पळत होती. बाहेर माळ संपेना. वरची चिवचिवत होती, खालून येणारी ओंजळ गप्प होती. ऊन ऊन, मऊ आणि गप्प. ज्यानं ती हातात धरलीय त्यालाच कळेल, हे किती वाईट असतं. मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग आला की डोकं एकदम थंड झालं.

कोपरे नकोत, एवढंच करायचं होतं.

मी चौकोनातून बाहेर उडी मारली. तुसाची पोती भिंतीला रचलेली होती, ती ओढून, ह्यांनी ईशान्येकडचा ढीग उपसून मधे सारला तसं, चारी कोपऱ्यांत एकेक टाकली. पण पोत्यांनाही फटी होत्या, त्यांच्या पुढून सलग काहीतरी फिरवायला हवं होतं. पत्र्याच्या पट्ट्या भंगारात गेल्या होत्या. मी दाराकडं पाहिलं. तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत आण्णा होते.

मी स्टुलावर चढले, सुतळ्या विळ्यानं कापल्या आणि फलक खाली ओढला. हे काही न विचारता पुढं आले आणि दुसरं टोक धरलं. आम्ही तो उभा दुमडला, जाड झाला तसा पोत्यांच्या पुढून आत गोल फिरवला आणि टोकाला टोक आणून सुतळीनं बांधला. चौकोनाचं कडं झालं. पिल्लं आली ती कोपरा शोधत फलकाच्या कडेकडेनं पळत राहिली, पळत राहिली, एक फेरा, दुसरा फेरा, आणि लपायला जागाच नाही म्हटल्यावर हळूहळू दिव्यांखाली थांबली. बाहेर माळही संपली होती.

मी खाली बसून बघत राहिले. कड्याच्या आतल्या अंगाला गॉगलवाले आण्णा आले होते, उलटे. पिल्लं त्यांच्या गालावर चोची मारत होती. एक-दोघांनी त्यांच्यावर आणखीही काही केलं.

“हे काय हाय?”

आण्णा शेडच्या आत आले होते. पायात कोल्हापुरी चपला, गळ्यात हार, मागं सात-आठ पाहुणे आणि देवलेकर. आण्णांची नजर कड्यावरून फिरली आणि स्वतःच्या उलट्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

“कुणी केलं हे?”

पाहुणे कड्याकडं वाकून बघायला लागले.

“समद्या पाव्हण्यांम्होरं माझ्या तोंडावर कोंबड्या हगवल्या? जाल्या, काढ ते.”

हे उभे राहिले. त्यांच्या शर्टाच्या ओच्यात मेलेली पिल्लं होती. गोळा करता करता तशीच राहिली होती. आण्णांनी ती पाहिली की नाही मला माहीत नाही, पाहण्यासारखी गोष्ट आण्णांना सहसा दिसायची नाही.

“काढ म्हंतो न्हवं. लाव परत जाग्याला.”

आता रीतीप्रमाणं माझी पाळी होती. मी ह्यांना सांगायचं, आणि ह्यांनी ते पातळ करून पुढं वाढायचं. माझ्याकडं सांगण्यासारखं खूप होतं. वर्षानुवर्षं साठलेलं होतं. पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. ह्यांच्या तोंडात घालायला त्या दिवशी माझ्याकडं एक शब्द नव्हता. म्हटलं, बघू या, तोटीत स्वतःचं काही आहे का. नसलं तर बॅग मीच उचलून देते.

ह्यांना खोकला आला. सगळे तो संपायची वाट पाहत उभे राहिले. संपल्यावर हे व्हय आण्णा म्हणतील, हे मलाही माहीत होतं आणि आण्णांनाही.

“आण्णा,” हे म्हणाले, “चपला काढा.”

“काय?”

“चपला काढा. दारात पाणी ठेवलंय, त्यात पाय बुडवा आन् मग या. न्हाईतर भाईर थांबा.”

पाहुण्यांपैकी कुणीतरी नकळत स्वतःच्या पायांकडं पाहिलं. देवलेकरांनी जांभळी बोटं खिशात घातली.

“कुणाम्होरं बोलतूयास ध्यानात हाय का?” आण्णांचा आवाज बसला होता. “हिनं शिकीवलं व्हय तुला?”

“तिनं काय बी सांगिटलं न्हाई. बगा की, गप बसलीया.”

“हा माळ कुणाचा हाय?”

“निम्मा माझा हाय,” हे म्हणाले. “ह्यो निम्मा.”

आणि एवढं बोलून त्यांनी आण्णांकडं पाठ केली, खाली बसले आणि ओच्यातली पिल्लं एकेक करून रिकाम्या खोक्यात ठेवायला लागले. आवाज चढला नव्हता, शिवी नव्हती. पण आण्णांकडं पाठ फिरवलेली मी त्या घरात त्याआधी कुणाची पाहिली नव्हती. आण्णांनी गळ्यातला हार काढला. मग बाहेर गेले. जाताना त्यांचा पाय घमेल्याला लागला आणि पांढऱ्या धोतरावर जांभळं पाणी उडालं. जेवणाची पंगत त्यांच्या मागोमाग उठली, शिरा मात्र संपवून.

मी त्या बोलण्यातला शब्द न् शब्द मनात परत परत घोळवला. त्यातला एकही माझा नव्हता.

त्या संध्याकाळी हे घरी आले, कॉटखालची बॅग ओढली आणि उलटी करून तिच्यातले कपडे पलंगावर ओतले. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, औषधाच्या बाटल्या ठेवायला कायतरी पायजे की शेडवर. मी त्यांच्यासमोरच रडले. त्यांनी समजूत काढली नाही. ते त्यांना कधीच जमलं नाही.

आता या गोष्टीला वर्षं झाली. माळावर तीन शेडा आहेत. ह्यांचा खोकला गेला नाही, पण वाढलाही नाही, आणि डॉक्टर त्यातच समाधानी आहेत. देवलेकर अजून फिरतात. हल्ली ते म्हणे पोल्ट्रीवाल्यांना गोल कड्याचं महत्त्व पटवून देतात. गोलाला मध्य असतो आणि मध्य हेच ब्रह्मस्थान, असं त्यांना दिसायला लागलंय. आणि आण्णा गावभर सांगतात की स्वतःचा फलक कापून पिल्लं वाचवा, असा आदेश त्यांनीच दिला होता. ऐकणारे मान डोलावतात. माजी सरपंचाला तेवढं द्यावं लागतं.

आण्णांशी मी आजही बोलत नाही. रीत मी मोडलेली नाही, मोडावी असं मला कधी वाटलंही नाही. घरात कार्य निघालं, चार पुढारी जेवायला यायचे असले की आण्णांना फुकटच्या कोंबड्यांची आठवण होते आणि ते माळावर येतात. मी शेडच्या जाळीआडून पदर घेऊन बघत असते. ते चुन्याच्या पट्ट्याशी येऊन थांबतात. इकडं तिकडं कुणी बघत नाही ना, असं बघतात. मग खाली वाकून कोल्हापुरी चपला काढतात, धोतर वर धरतात, दोन्ही पाय नीट जांभळ्या पाण्यात बुडवतात आणि तिथूनच हाक मारतात.

“जालिंदर, येऊ का रं आत?”

हे हातातलं काम आधी पुरं करतात, आणि मग सांगतात.